कुंडीच्या मातीतले बारीक किडे: आधी ओळख, मग औषध

मृद्गंधा, पुणे

पावसाळा लागला की बागेच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न येतोच: "कुंडीत बारीक किडे झालेत, काय टाकू?" पाच मिनिटांत हळद, दालचिनी, कडुनिंबाचं तेल, थिमेट असे सल्ले येऊन पडतात. किडा दिसतो कसा, उडतो की चालतो, हे कुणी विचारत नाही. मी कृषी कीटकशास्त्र शिकले आहे आणि घरातल्या झाडांची मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हा धागा काढतेय. कुंडीच्या मातीत दिसणारे बहुतेक जीव झाडाला काहीच करत नाहीत. त्यांच्यावर औषध ओतलं की त्रास होतो तो मुळांना आणि घरातल्या माणसांना. खरा अपराधी असलाच, तर तो बऱ्याचदा तसाच राहतो.

ओळखायला फार सामान लागत नाही. वरची चमचाभर माती पांढऱ्या बशीत पसरा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि दोन मिनिटं नुसतं बघत बसा. फोटोपेक्षा व्हिडिओ काढा, कारण किड्याची चाल दिसली की निम्मी ओळख पटते.

पाणी घालताना बारीक काळी चिलटं उठत असतील तर ती बहुधा फंगस नॅट. २ ते ४ मिलिमीटर लांबी, डासासारखं सडपातळ अंग, लांब पाय. उडायला कमजोर, मातीच्या आसपासच घुटमळतात, नाहीतर खिडकीच्या काचेवर जाऊन बसतात. केळ्यांवर घोंघावणारी चिलटं वेगळी. ती पिवळट तपकिरी, जाडसर आणि बहुतेक लाल डोळ्यांची असतात. शंका असेल तर फळांच्या टोपलीजवळ वाटीभर व्हिनेगर ठेवा. वाटीत भरभरून पडली तर कुंडीचा काही संबंध नाही.

फंगस नॅटचं उडणारं चिलट झाडाला इजा करत नाही, करते ती अळी. काचेसारखी पांढरट, आरपार दिसणारी, पाच-सहा मिलिमीटरपर्यंत वाढणारी, आणि डोकं चकचकीत काळं. हे काळं डोकं दिसलं की ओळख पक्की. ती मातीच्या वरच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये राहते. बुरशी, शेवाळ, कुजका पाला हे तिचं मुख्य अन्न, पण संख्या वाढली की कोवळ्या मुळांनाही तोंड लावते. जुन्या, दांडग्या मनी प्लांटला यानं फरक पडत नाही. नुकतंच लावलेलं कटिंग किंवा बियांपासून उगवलेली रोपं असतील तर मात्र एका आठवड्यात रोप माना टाकतं, शिवाय पिथियमसारखी मूळकूज करणारी बुरशी एका कुंडीतून दुसरीकडे जायला यांची मदत होते.

अळ्या आहेत का हे बघायचा सोपा मार्ग: कच्च्या बटाट्याची जाडसर फोड मातीवर दाबून ठेवायची आणि तीन-चार दिवसांनी उलटून बघायची. अळ्या बटाट्याखाली गोळा झालेल्या दिसतात.

बशीतल्या मातीत पांढरे किंवा राखाडी ठिपके टुणकन उडी मारत असतील तर ते स्प्रिंगटेल. पाणी घातलं की वर तरंगतात, म्हणून एकदम शेकड्यांनी दिसतात आणि माणूस घाबरतो. यांना पंख नसतात. पोटाखाली एक दुमडलेला काटा असतो, तो सुटला की उडी बसते. हे कुजकं खातात, बुरशी खातात, मातीचं खत होण्याला हातभार लावतात. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळ यांचा सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म सापडला आहे. इतकं जुनं कूळ आहे हे. त्यांना कृपया मारू नका. फार झाले असतील तर त्याचा अर्थ माती सतत ओली आहे एवढाच.

गोल, चकचकीत तपकिरी, मोहरीहूनही बारीक आणि अगदी सावकाश चालणारे ते मातीतले माइट. तेही निरुपद्रवी. पानांमागे जाळी करणारा लाल कोळी वेगळा, तो मातीत राहत नाही. बारीक पांढरे धाग्यासारखे किडे, ज्यांना काळं डोकं नाही, तेही कुजकं खाणारेच. पावसाळ्यात दिसणारे वाणी म्हणजे पैसा किडेसुद्धा मुख्यतः कुजकंच खातात.

मला खरी भीती वाटते ती न हलणाऱ्या पांढऱ्या किड्याची. मुळांवरचा पिठ्या ढेकूण. तो वरून दिसतच नाही. त्याच्याबद्दल इथे कुणी अनुभवी असेल तर जरूर लिहा.

गॅलरीतली हिरवळ, ठाणे

ताई, फार गरजेचा धागा. आमच्या हॉलमध्ये मनी प्लांट, पीस लिली आणि स्नेक प्लांट आहेत. संध्याकाळी टीव्ही लावला की ही काळी चिलटं पडद्यावर येऊन बसतात. मुलगा सव्वा वर्षाचा आहे, रांगत कुंडीपर्यंत जातो. ही चावतात का? आणि बाळ असलेल्या घरात नक्की काय वापरावं?

मृद्गंधा, पुणे

चावत नाहीत, चावण्याजोगे मुखांगच नाही त्यांना. निश्चिंत राहा. बाळ आहे म्हणून क्रमही सांगते.

पहिलं काम पाण्याचं. स्नेक प्लांटची माती पूर्ण सुकू द्या, त्याला काही होणार नाही. मनी प्लांटला वरची दोन पेरं बोट घालून कोरडी लागली की मगच पाणी. पीस लिलीला जास्त कोरडं चालत नाही, तिला कुंडीखालच्या ताटलीत पाणी द्या. अर्ध्या तासात तिनं ओढून घेतलं की उरलेलं फेकून द्या. वरचा थर कोरडा राहिला की अंडी आणि लहान अळ्या सुकतात, आणि मादी तिथे अंडी घालायलाही फारशी जात नाही.

दुसरं, पिवळे चिकट सापळे. कृषी सेवा केंद्रात मिळतात. टोमॅटो-मिरचीवाले शेतकरी मावा आणि पांढऱ्या माशीसाठी लावतात तेच. लहान तुकडा कापून मातीलगत, बाळाचा हात पोहोचणार नाही असा लावा. सापळ्यानं अळ्या मरत नाहीत. पण आठवड्याला किती चिलटं चिकटली यावरून उपाय लागू पडतोय की नाही ते कळतं, आणि अंडी घालणाऱ्या माद्याही कमी होतात.

तिसरं, बीटीआय. पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस. हा जिवाणू १९७६ साली इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटातल्या एका डबक्यात सापडला. डासांच्या अळ्या मारायला जगभर वापरतात, आपल्याकडेही वापरतात. त्यातलं प्रथिन अळीच्या आतड्यात गेल्यावरच विषारी होतं, आणि तेही डास, फंगस नॅट अशा थोड्याच कुळांच्या अळ्यांना. माणसाला, मांजराला, गांडुळाला त्याचा धोका नाही. पाण्यात मिसळून मातीत आळवणी करायची, मात्रा पाकिटावर असते ती.

इथे एक गोष्ट नीट बघा. दुकानात नुसतं "बीटी पावडर द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा कुर्स्टाकी जातीचं बीटी हातात येतं. ते बोंडअळी, घाटेअळी अशा पतंगांच्या अळ्यांसाठी असतं. फंगस नॅटवर त्याचा उपयोग शून्य. वेष्टनावर "इस्रायलेन्सिस" वाचूनच घ्या.

आणि एकदा घालून थांबू नका. अंडं आणि कोष यांवर बीटीआय चालत नाही. साधारण पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून चिलट व्हायला तीन आठवड्यांच्या आसपास लागतात आणि एक मादी शंभर ते दोनशे अंडी घालते. म्हणून आठवड्याच्या अंतरानं चार वेळा आळवणी करा, म्हणजे मागे राहिलेली पिढीही सापडते.

चुलीमागची बाग, सातारा

मी सगळ्या झाडांना चहाचा चोथा, तांदळाचं धुवण आणि कधी ताकाचं पाणी घालते. आमच्या सासूबाईंपासून हेच चालत आलंय आणि परसातली झाडं जोमात आहेत. पण फ्लॅटमधल्या लेकीनं हेच केलं तर तिच्याकडे चिलटंच चिलटं. असं का होत असेल?

मृद्गंधा, पुणे

काकू, परसात ऊन आहे, वारा आहे, मुंग्या-कोळी-गांडुळं आहेत, आणि जमिनीला तळ नाही. धुवण टाकलं की दोन दिवसांत जिरून, पचून जातं. लेकीच्या आठ इंची कुंडीत ते वरच्या थरात साचतं, त्यावर बुरशी धरते, आणि बुरशी हेच तर अळीचं जेवण. तुमची पद्धत अंगणासाठी योग्यच आहे. लेकीला सांगा, चोथा आधी कंपोस्टच्या डब्यात पूर्ण कुजू दे, काळा, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचा झाला की मग कुंडीत. धुवण द्यायचंच तर खिडकीबाहेरच्या ग्रिलमधल्या झाडांना, तेही पातळ करून.

अर्धवट कुजलेलं शेणखतही घरात नको. त्यातून फंगस नॅट येतात, कधी हुमणीसुद्धा येते. पांढरी, जाड, वाकडी अळी, तिच्यापुढे लहान कुंडीतली मुळं टिकत नाहीत. ती दिसली तर औषध शोधत बसू नका, माती उकरून हातानंच काढा.

वऱ्हाडी माती, अमरावती

आमच्याकडे शेतातलं जुनं थिमेट पडून आहे. वडील म्हणतात चिमूटभर टाक, पुन्हा किडा दिसणार नाही. टाकावं का?

मृद्गंधा, पुणे

नाही दादा, अजिबात नाही. थिमेट म्हणजे फोरेट, अतिविषारी ऑर्गनोफॉस्फेट. कातडीतून शरीरात जातं, श्वासातूनही जातं. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानं ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर देशात पूर्ण बंदी आहे. बंद खोलीत, माणसं झोपतात तिथे, चिमूटभरही नको. उघडं पाकीट घरात असेल तर ते मुलांच्या आणि जनावरांच्या आवाक्याबाहेर कुलपात ठेवा आणि विल्हेवाटीसाठी तालुका कृषी कार्यालयात विचारा. विहिरीत, नाल्यात किंवा कचऱ्यात टाकू नका. वडिलांच्या काळात ते सर्रास मिळत होतं, त्यामुळे त्यांना ते साधं वाटणं साहजिक आहे. त्यांच्याशी शांतपणे बोला, पण हे घरात येऊ देऊ नका.

लीड्सवासी

इथे इंग्लंडमध्ये हिवाळ्यात हीटर चालू, खिडक्या बंद, ऊन कमी, त्यामुळे कुंड्या आठवडा-आठवडा ओल्याच राहतात आणि ही चिलटं पाचवीला पुजलेली. आम्ही स्टाइनरनेमा फेल्टिए नावाच्या मित्र सूत्रकृमी, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या धाग्यासारख्या अळ्या, टपालानं मागवतो. छोट्या पाकिटात ओलसर भुकटी येते, फ्रिजमध्ये ठेवायची, मुदतीच्या आत पाण्यात कालवून झारीनं घालायची. त्या अळीच्या शरीरात शिरतात आणि सोबतच्या जिवाणूंच्या मदतीनं तिला मारतात. माती दहा अंशांच्या वर हवी आणि घातल्यावर दोन आठवडे ओलसर राहायला हवी. माझ्याकडे कढीपत्त्याची बियांपासून केलेली रोपं यामुळेच वाचली. कढीपत्ता इथे किती जपावा लागतो ते परदेशातल्या मंडळींना सांगायला नको.

भारतात या मिळतात का?

मृद्गंधा, पुणे

कढीपत्ता वाचला हे वाचून फार बरं वाटलं! फेल्टिए ही थंड हवेची जात, आपल्याकडे किरकोळ दुकानात सहज दिसत नाही. इथे मिळते ती हेटेरोरॅबडायटिस इंडिका, तमिळनाडूतल्या नमुन्यांवरून १९९२ मध्ये वर्णन झालेली आपलीच जात. उष्ण माती तिला मानवते, ऊसवाले शेतकरी हुमणीसाठी वापरतात. घरातल्या चिलटांसाठी मी मात्र आधी बीटीआयच सुचवेन. मिळायला सोपं आणि टिकाऊ.

पठारवेडा, कराड

कीटकभक्षी झाडं ठेवली तर? कासवर पावसाळ्यात दवबिंदू फुलतो, त्याच्या चिकट केसांवर असलीच चिलटं अडकलेली मी पाहिली आहेत.

मृद्गंधा, पुणे

दवबिंदू म्हणजे ड्रोसेरा. बाहेर देशांत लोक खिडकीत ड्रोसेरा आणि पिंग्विक्युला ठेवतात खरे, आणि त्या उडणारी चिलटं पकडतातही. पण मातीतल्या अळ्यांना त्यांचा धक्का लागत नाही, म्हणजे त्याही चिकट सापळ्याचंच काम करतात. कासवरून एकही रोप आणायचं नाही हे तुम्हाला माहीत असेलच, तरी नव्या वाचकांसाठी लिहून ठेवते. त्या पठाराची माती, पाणी, ऊन हे सगळं आपल्या खिडकीत मिळत नाही, रोप मरतं आणि पठारावरचं एक कमी होतं.

काटेरी मैत्री, नाशिक

ताईंनी पिठ्या ढेकणाबद्दल विचारलंय म्हणून सविस्तर लिहितो. माझ्याकडे अडेनियम आणि निवडुंगांचा संग्रह आहे आणि या दोन्हींचा मुळांवरचा पिठ्या ढेकूण हा सगळ्यात मोठा शत्रू.

लक्षण फसवं असतं. माती ओली आहे, तरी झाड मलूल. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, अडेनियमचा बुंधा दाबला तर मऊ लागतो. वर कुठेही कीड नाही. लोकांना वाटतं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी पाणी देतात, आणि मुळं सडतात. माझा नियम असा की कारण न सापडता झाड कोमेजलं तर कुंडी उपडी करायची. मुळांवर, आणि विशेष करून कुंडीच्या आतल्या भिंतीला, कापसाच्या बोळ्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. किडा दोन-तीन मिलिमीटरचा, मेण अंगाला लागलेला, जवळजवळ न हलणारा.

पर्लाइट (निचऱ्यासाठी मातीत घालतात ते पांढरे हलके खडे) घातलेल्या मातीत गोंधळ होतो. तेव्हा बोटांनी चोळून बघायचं. पर्लाइट कुरकुरतं, किडा चिरडून ओलसर डाग पडतो. मुळांभोवती बारीक जाळ्यासारखे पांढरे तंतू असतील तर ती बुरशी, बहुतेक वेळा निरुपद्रवी.

सापडला तर अर्धे उपाय करू नका. सगळी माती झाडून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या, दुसऱ्या कुंडीत किंवा कंपोस्टमध्ये अजिबात नाही. मुळं नळाखाली धुवा, सडलेली कापा. मग कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब साबण घातलेल्या पाण्यात मुळं बुडवून काढा. उरलेला एखादा किडा दिसला तर कापसाला सर्जिकल स्पिरिट लावून टिपा. अडेनियम सावलीत, वाऱ्यावर आठवडाभर उघडं ठेवायचं, कापलेल्या जागा सुकल्या पाहिजेत. निवडुंगालाही तसंच. मनी प्लांटसारख्या झाडाला एवढं सुकवलं तर ते मरेल, त्याला लगेच नव्या मातीत लावा. कुंडी मातीची असेल तर घासून उकळतं पाणी ओता, प्लॅस्टिकची असेल तर साबणानं घासून कडक उन्हात ठेवा.

मुंग्यांकडे लक्ष ठेवा. कुंडीच्या भोकातून मुंग्यांची रांग आत-बाहेर करत असेल तर ती कुंडी आधी तपासा. पिठ्या ढेकणाचा गोडसर स्राव त्यांना हवा असतो, त्या बदल्यात त्या त्याला एका मुळावरून दुसरीकडे नेतात. एकाच ट्रेमध्ये पाच-सहा कुंड्या ठेवल्या असतील तर एकीला झाला की बाकीच्याही उपड्या करून बघाव्या लागतात.

मृद्गंधा, पुणे

दादा, किती नीट लिहिलंत! चोळून बघायची खूण प्रत्येकानं लक्षात ठेवावी.

पानांवरच्या फुलकिड्यांचंही एक सांगायचं राहिलं. मॉन्स्टेराच्या पानांवर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसतात, आपण पानं पुसतो, फवारतो, आणि दहा दिवसांनी पुन्हा तेच. कारण बऱ्याच फुलकिड्यांची कोष अवस्था मातीत पार पडते. तेव्हा पानांबरोबर वरची दोन सेंटिमीटर माती काढून नवीन घातली तर निम्मं काम होतं.

गॅलरीतली हिरवळ, ठाणे

बटाट्याची फोड ठेवली होती, काळ्या डोक्याच्या अळ्या निघाल्या. बीटीआय मागवलंय. तोपर्यंत केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड घालू का? एका व्हिडिओत एकास चार पाणी सांगितलंय.

मृद्गंधा, पुणे

ते प्रमाण ३ टक्क्यांच्या बाटलीसाठी आहे. आपल्याकडे केमिस्टकडे बऱ्याचदा ६ टक्क्यांची मिळते, तिच्यावर "२० व्हॉल्यूम" लिहिलेलं असतं. ती असेल तर एकास नऊ पाणी घ्या. अळीला थेट लागलं तर मरते, पण मातीतले चांगले जिवाणूही मरतात आणि परिणाम लगेच ओसरतो. एकदा वापरायला हरकत नाही, दर आठवड्याला नको. बाटली बाळापासून लांब.

समई, रत्नागिरी

तुळशीचं विचारायचं होतं. पूजेनंतर रोज तांब्याभर पाणी घालते, कधी पंचामृताचं तीर्थही. पावसात वृंदावन आत पडवीत घेतलं की चिलटं होतात आणि तुळस झडते. रोजचं पाणी तोडणं जिवावर येतं. आणि आम्ही तिची पानं खातो, तर औषध कोणतं चालेल?

मृद्गंधा, पुणे

रोजचं पाणी तोडू नका, तांब्याऐवजी पळीनं द्या. पूजेतली एक पळी पाणी मातीला जड होत नाही. बाकीचं पाणी माती वाफशावर आली की, सकाळी. पंचामृतातलं दूध-दही-साखर कुंडीत साचून आंबतं, ते अंगणातल्या मोठ्या झाडाच्या बुंध्याशी द्या. तुळशीला दिवसाचं चार-पाच तास ऊन लागतं. पाऊस उघडला की वृंदावन बाहेर काढा आणि तळाचं भोक मोकळं आहे ना ते काडीनं बघा. कोकणातल्या लाल मातीत बारीक गाळ जास्त असेल तर निचरा अडतो, तेव्हा पुढच्या वेळी कुंडी भरताना तिसरा हिस्सा जाड रेती घाला.

बीटीआय तुळशीला चालतं. मातीत मूठभर निंबोळी पेंड कालवली तरी चालते, पण पावसात पेंड ओली राहून बुरशी धरते, म्हणून वर पसरू नका, मातीत मिसळा. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध तुळशीला, पुदिन्याला, कढीपत्त्याला कधीच नको. ते मुळांतून पानांत जातं आणि धुतलं तरी निघत नाही, मंजिऱ्यांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही बाधतं.

समई, रत्नागिरी

पळीचं आमच्या सासूबाईंना लगेच पटलं. रेती नदीची चालेल ना, की समुद्राची? आमच्या दारातच आहे.

मृद्गंधा, पुणे

नदीचीच घ्या. समुद्राच्या रेतीत मीठ असतं, तुळस जळेल.